दहा होनांचा पाद्री

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तमिळ मुलखातल्या एका वाटेवर एका जर्मन पाद्र्याची गाठ एका नृत्यशिक्षकाशी आणि त्याच्या शिष्येशी पडली. पाद्र्याने दोघांना नेहमीप्रमाणे सांगितलं की, पापात राहणाऱ्या कुणालाही देवाच्या राज्यात जागा नाही. त्यावर ती मुलगी चटकन म्हणाली, मग साहेब, तुमच्या युरोपियन लोकांपैकी तिथे जवळजवळ कुणीच पोचायचं नाही. पाद्र्याने तिला दटावलं नाही, तिचं बोलणं आपल्या टिपणांत उतरवून घेतलं. दोनशे वर्षांपासून ते छापलं जातंय, म्हणून आज मला ते माहीत आहे.

पाद्र्याचं नाव ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ. जन्म 1726चा, प्रशियातल्या सोनेनबुर्ग गावचा. शिक्षण हाले इथलं. ख्रिस्ती माणसाचा धर्म त्याच्या रोजच्या वागण्यात दिसला पाहिजे, असा तिथल्या शिक्षकांचा आग्रह असे, आणि त्यांनी चालवलेलं अनाथालय साऱ्या युरोपात माहीत होतं. 1750 साली श्वार्ट्झ तरंगमबाडीच्या डॅनिश वसाहतीत उतरले. पुढची 48 वर्षं ते भारतातच राहिले. लग्न केलं नाही. मायदेशी एकदाही परत गेले नाहीत.

मी नगरची. आजोबा पाळक, वडील मिशनच्या शाळेत मास्तर. ‘सरळ मार्ग सोडू नकोस’ हे वाक्य आमच्या घरात मिठासारखं रोजच्या वापरातलं. नोकरीच्या निमित्ताने मी चेन्नईत आले तेव्हा शहराचं नाव मद्रास होतं. हिशेब खात्यात सारी नोकरी गेली आणि निवृत्तीनंतरही मी इथेच राहिले. हिशेब तपासणाऱ्याला एक सवय जडते. माणूस काय बोलतो ते मागाहून ऐकायचं, आधी पैसा कुठून आला आणि कुठे गेला ते बघायचं. साधुसंतांची, मिशनऱ्यांची चरित्रं मी याच सवयीने वाचत आले. पुष्कळ चरित्रांत पैशाचं पान गायब असतं. श्वार्ट्झ यांच्या बाबतीत ते शाबूत आहे, म्हणून मला त्यांच्याविषयी लिहावंसं वाटलं.

आणि दुसरं कारण म्हणजे या गोष्टीत आपला एक मराठी राजा आहे. त्याच्याशिवाय ती पुरी होत नाही.

ज्या मद्रासच्या सावलीत हा माणूस सरळ चालला, ते मद्रास काय होतं हे आधी सांगते. समुद्रकाठचा सेंट जॉर्ज किल्ला. आज तिथे तमिळनाडूचं सचिवालय आहे, विधानसभा आहे, फौजेची कचेरी आहे आणि एक संग्रहालय आहे. त्याच आवारात सेंट मेरीज चर्च आहे. 28 ऑक्टोबर 1680 रोजी त्याचं समर्पण झालं. तोफगोळे पडले तरी निभाव लागावा म्हणून जाड भिंती आणि कमानीचं भक्कम छत. या चर्चमधलं पहिलं लग्न एलायहू येल यांचं. हे पुढे मद्रासचे गव्हर्नर झाले आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या पदावर बसून स्वतःची तुंबडी भरल्याच्या आरोपांवरून 1692 साली त्यांना पदावरून काढण्यात आलं. अमेरिकेतल्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे ते हेच. रॉबर्ट क्लाइव्हचं लग्नही इथलंच, 1753 सालचं. रविवारी या बाकांवर बसून प्रार्थना म्हणणारी माणसं सोमवारपासून काय करत, हे कंपनीच्या दप्तरांत सविस्तर नोंदलेलं आहे. पगार जेमतेम, खाजगी व्यापाराची मुभा आणि अर्काटच्या नवाबाला दणदणीत व्याजाने कर्ज द्यायची चटक. नवाबाने कर्ज फेडायचं तर पैसा हवा, आणि नवाबाच्या शेजारी तंजावर होतं. कावेरीच्या पाण्यावर पिकणारं, भोसल्यांचं.

1773 साली कंपनीच्या फौजेने नवाबासाठी तंजावर घेतलं आणि तिथले भोसले राजे तुळजाजी यांना कैद केलं. लंडनच्या संचालकांना हे पटलं नाही. त्यांच्या हुकुमाने गव्हर्नर पिगट यांनी एप्रिल 1776मध्ये राजांना पुन्हा गादीवर बसवलं. तेवढ्यात पॉल बेनफील्ड नावाचा कंपनीचा एक नोकर पुढे आला. तंजावरच्या वसुलीवर आणि तिथल्या लोकांवर मिळून आपलं 2 लाख 34 हजार पौंडांचं येणं आहे, असा त्याचा दावा. वर्षाला काही शे पौंड पगार असलेल्या माणसाने एवढं कर्ज दिलं कुठून, हे हिशेब खात्यातल्या कारकुनालाही विचारावंसं वाटेल. पिगट यांनी विचारलं. 24 ऑगस्ट 1776 रोजी त्यांच्याच कौन्सिलातल्या सभासदांनी आपल्या गव्हर्नरला अटक केली. पुढल्या वर्षी मे महिन्यात पिगट कैदेतच वारले, आणि त्यांना सेंट मेरीजमध्येच पुरण्यात आलं. पिगट स्वतःही पूर्वीच्या कारकिर्दीत बख्तावर होऊन गेलेले होते, तेही काही निष्कलंक नव्हते. पण निदान या एका प्रश्नावर ते अडून बसले.

नवाबाच्या या कर्जांवर 1785 साली एडमंड बर्क ब्रिटिश संसदेत तासन्‌तास बोलले. त्याने फारसं काही सुधारलं नाही.

तेव्हा त्या नाचणाऱ्या मुलीने जे म्हटलं ते उगाच नव्हतं. ख्रिस्ती म्हणजे कसा माणूस, हे तमिळ आणि मराठी लोक ज्या नमुन्यांवरून ठरवत होते, ते नमुने हे असे होते.

मोह फक्त किल्ल्यातल्यांनाच होता असंही नाही. वेपेरी हा चेन्नईचा जुना भाग. इथली प्रॉटेस्टंट मिशन योहान फिलिप फाब्रिसियुस यांनी 1742पासून सांभाळली. मोठा विद्वान माणूस. बायबलचं त्यांनी केलेलं तमिळ भाषांतर पिढ्यानपिढ्या वाचलं गेलं. 1761 साली इंग्रजांनी पाँडिचेरी घेतली, तेव्हा तिथला छापखाना मद्रासला आला आणि तो वेपेरीत यांच्याच हवाली झाला. त्यांचा तमिळ-इंग्रजी कोश 1779चा. पुरसैवाक्कमला आजही त्यांच्या नावाची शाळा आहे. राहणी साधी, लोभ नावालाही नाही. पण मिशनचा पैसा आणि मंडळीतल्या लोकांनी विश्वासाने ठेवलेला पैसा त्यांनी मद्रासच्या रिवाजाप्रमाणे व्याजाने लावला. कर्जदार बुडाले, घेणेकरी दारात आले, आणि म्हाताऱ्या फाब्रिसियुसना कर्जापायी तुरुंगात जावं लागलं. 1788 साली मिशनचा कारभार ख्रिश्चन विल्हेल्म गेरिके यांच्याकडे गेला. 1791 साली फाब्रिसियुस वारले.

फाब्रिसियुसची ही हकीकत मला श्वार्ट्झच्या चरित्राइतकीच महत्त्वाची वाटते. त्यांच्या हातून चोरी झाली नाही. चार पैसे वाढले तर अनाथ मुलांचंच भलं होईल, असाच त्यांचा विचार असणार. सगळं गाव जे करतं ते आपण चांगल्या हेतूने केलं तर काय बिघडलं, हा विचार फार सभ्य दिसतो. मी ज्या कचेरीत काम केलं तिथेही दिवाळीला पेढ्यांच्या डब्यांखाली पाकिटं येत, आणि घेणाऱ्यांतले बरेच जण चांगले, देवभीरू, घरी आजारपण असलेले लोक होते. मी डबे परत करत असे. त्यामुळे चहाच्या वेळी माझ्या टेबलाशी कुणी बसत नसे. एवढं लहानसं परत करणंही किती जड जातं हे मला ठाऊक आहे, म्हणून श्वार्ट्झ यांच्या हिशेबाकडे मी आदराने बघते.

तो हिशेब असा. त्रिचनापल्लीला असताना त्यांचं उत्पन्न महिन्याला दहा होन होतं. होन म्हणजे इंग्रज ज्याला पगोडा म्हणत तेच नाणं. वर्षाचे सुमारे 48 पौंड झाले. एका जुन्या इमारतीत एक खोली, त्यात बिछाना आणि ते स्वतः, एवढीच जागा. जेवण म्हणजे भात आणि भाजी, तेही इथल्या पद्धतीने शिजवलेलं. अंगात काळ्या रंगात रंगवलेलं सुती कापड. पुढे पलटणीच्या धर्मोपदेशकाचं काम आलं आणि त्याचे वर्षाला 100 पौंड मिळू लागले, तेव्हा त्यातला मोठा भाग शाळा आणि मंडळीच्या खर्चात गेला. त्रिचनापल्लीचं दारूचं कोठार उडून माणसं मेली, त्यांच्या पोरक्या मुलांसाठी त्यांनी शाळा काढली. तिथलं ख्राइस्ट चर्चही त्यांनीच उभारलेलं, 1766चं.

मग 1779 साल. म्हैसूरचा हैदर अली आणि कंपनी यांच्यात पुन्हा ठिणगी पडायच्या बेतात होती. मद्रासचे गव्हर्नर सर टॉमस रंबोल्ड यांनी श्वार्ट्झना बोलावून गुप्तपणे श्रीरंगपट्टणला जायला सांगितलं. कंपनीच्या वकिलांवर हैदरचा काडीचा विश्वास उरलेला नव्हता. तो पाद्री पाठवा, तो मला फसवणार नाही, असं हैदर म्हणाला, ही गोष्ट दक्षिणेत अजून सांगतात. श्वार्ट्झनी एक गोष्ट मनाशी पक्की केली होती. या कामात कुणाचीही भेट, नजराणा घ्यायचा नाही. जुलैच्या सुरुवातीला ते तंजावरहून निघाले आणि ऑगस्टच्या अखेरीस पोचले. किल्ल्यात तापाची साथ होती, म्हणून त्यांचा तंबू बाहेर ठोकला. हैदर एकाच वेळी चार-चार कामं कशी उरकतो, एक कारकून पत्र वाचतो, दुसरा उत्तर लिहून घेतो, हे सगळं त्यांनी बारकाईने टिपलं आहे.

निघताना हैदरने वाटखर्चासाठी 300 रुपयांची थैली पाठवली. श्वार्ट्झ परत करू लागले, पण ते शिष्टाचाराला धरून नव्हतं. त्यांनी ती मद्रासला आणून कौन्सिलपुढे ठेवली. कौन्सिल म्हणालं, ठेवून घ्या. तेव्हा त्यांनी विनंती केली की, तंजावरला गरीब मुलांसाठी इंग्रजी शाळा काढायची आहे, तिची पहिली वर्गणी म्हणून हे जमा व्हावेत. शाळा निघाली. ज्यांनी त्यांना पाठवलं त्या रंबोल्डसाहेबांवर पुढे इंग्लंडच्या संसदेत, मद्रासमध्ये अल्पकाळात गोळा केलेल्या अफाट संपत्तीवरून कारवाई सुरू झाली.

इथे एक गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे. तह काही झाला नाही. श्वार्ट्झ शांततेची भाषा घेऊन गेले, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये कंपनीने हैदरच्या संरक्षणाखालचं माहे बंदर घेतलेलं होतं. 1780च्या जुलैत हैदर कर्नाटकात उतरला आणि मुलूख उजाड झाला. सच्च्या माणसाचा शब्द लबाडांनी वापरून घेतला, असंच मी याला म्हणेन. भल्या माणसांना अशी कामं सांगितली जातात, तेव्हा सांगणाऱ्याचा हात तपासायला हवा. श्वार्ट्झ तिथे कमी पडले असं माझं मत आहे.

पण शब्दाची खरी किंमत वसूल झाली ती तंजावरात. लढाईच्या धामधुमीत तंजावरच्या किल्ल्यात उपासमार सुरू झाली. रस्त्यावर प्रेतं पडू लागली. बाहेर धान्य होतं, पण आणायला बैल नव्हते. राजांनी बैल मागितले, इंग्रज अधिकाऱ्यांनी मागितले. शेतकरी देईनात, कारण पूर्वी नेलेल्या बैलांचे आणि धान्याचे पैसे कधी मिळालेच नव्हते. शेवटी राजे म्हणाले, आपल्या कुणाच्याच शब्दावर लोकांचा भरवसा नाही, पाद्र्याला सांगून बघा. श्वार्ट्झनी गावोगाव चिठ्ठ्या पाठवल्या. जनावरं मेली किंवा हरवली तर भरपाई मी स्वतःच्या हाताने करीन, पैसे माझ्या हातून मिळतील. दोन-तीन दिवसांत हजारावर बैल आले आणि तिथल्या मापाने 80 हजार कलम धान्य किल्ल्यात पडलं. पैसे ठरल्याप्रमाणे चुकते झाले. पुढे कारभाऱ्यांच्या जाचाने हजारो कुणबी मुलूख सोडून गेले, तेव्हा त्यांना परत आणायलाही याच माणसाचा शब्द लागला. एका दिवसात 7 हजार माणसं परतल्याची नोंद आहे.

बैल देणारे ते शेतकरी ख्रिस्ती नव्हते. श्वार्ट्झचं प्रवचन त्यांनी कधी ऐकलं असेल-नसेल. त्यांना एवढंच ठाऊक होतं की, हा माणूस पैसे बुडवत नाही. नीतिमत्तेची याहून कडक परीक्षा मला माहीत नाही. ती घेणारे परके होते, उपाशी पोटांचा प्रश्न होता, आणि पूर्वीच्या सगळ्या अनुभवांवरून नाही म्हणायचा त्यांना पुरा हक्क होता.

तुळजाजी राजांची आणि श्वार्ट्झची पहिली भेट 30 एप्रिल 1769 रोजी झाली. दुभाषा फारसीत बोलत होता. आपण सांगतोय ते हा पुरतं पोचवत नाही, असं श्वार्ट्झच्या ध्यानात आलं आणि त्यांनी तमिळमध्ये बोलायची परवानगी मागितली. राजांनी विचारलं, तुमच्यातले काही लोक मूर्ती ठेवून भक्ती करतात आणि काही ठेवत नाहीत, हे कसं काय? माणसाला देवाचं ज्ञान होतं कसं? मग मिठाई आली. खाण्यापूर्वी श्वार्ट्झनी दरबारातच डोळे मिटून प्रार्थना केली. साहेब लोक खाण्यापूर्वी देवाचं नाव घेतात हे तिथे कुणी फारसं पाहिलेलं नसावं. पुढे दरबाराची भाषा मराठी म्हणून श्वार्ट्झ मराठीही शिकले. 1778पासून ते तंजावरलाच राहिले, आणि 1779 साली किल्ल्यात, शिवगंगा तळ्याजवळ, त्यांचं चर्च उभं राहिलं. बृहदीश्वराच्या देवळाला लागूनच. जागा राजांच्या कृपेने मिळाली.

1787च्या जानेवारीत तुळजाजी मरणाच्या दारात होते. पोटी वारस नाही. त्यांनी भोसले कुळातला नऊ-दहा वर्षांचा सरफोजी दत्तक घेतला आणि त्याचा हात श्वार्ट्झच्या हाती देऊ केला. हा आता माझा मुलगा नाही, तुमचा आहे. श्वार्ट्झनी ते नाकारलं. राजवाड्यात तट पडतील, मला मुलाची भेटही महिन्यातून एखाद वेळी मिळेल, मी त्याचं रक्षण कसं करणार? त्यापेक्षा तुमच्या भावाकडे, अमरसिंहांकडे सोपवा, असा सल्ला त्यांनी दिला. राजांनी तो मानला आणि थोड्याच दिवसांत ते वारले.

मग व्हायचं तेच झालं. कंपनीने बारा पंडित बसवून दत्तकविधान शास्त्राला धरून नाही असा निकाल घेतला आणि अमरसिंह राजे झाले. मुलाचे हाल सुरू झाले. त्याला कोंडून ठेवलं जाई, शिक्षणाची सोय नव्हती. श्वार्ट्झ यांच्या या नकारावर मी पुष्कळ विचार केला आहे. सत्तेपासून हात लांब ठेवायचा त्यांचा निर्धार खरा होता आणि कारणंही खरी होती. पण आपले हात स्वच्छ राहावेत म्हणून मागे सरलेल्या माणसामुळे एक पोर अंधाऱ्या खोलीत पडलं, हेही खरं आहे. वाईट न करणं एवढ्याने भागत नाही, हे त्यांना इथे कळलं असावं. कारण त्यानंतर त्यांनी ही बाब सोडली नाही. ते मद्रासला लिहीत राहिले, कलकत्त्याला लिहीत राहिले, पंडितांची मतं पुन्हा तपासा म्हणून मागे लागले. अखेर 1793 साली सरफोजी आणि तुळजाजींच्या विधवा राण्या यांना तंजावरातून हलवून मद्रासला आणण्यात आलं.

म्हणजे तंजावरचा हा मराठी राजपुत्र ऐन तारुण्यात चेन्नईकर होता. गेरिके यांच्या देखरेखीखाली इथे त्याचं शिक्षण झालं. इंग्रजी तो इथे घोटून शिकला. नव्या विद्यांची गोडी त्याला इथेच लागली असं मी मानते. चेन्नईत मराठी माणसांच्या खुणा शोधत फिरणाऱ्यांना ही गोष्ट सहसा माहीत नसते. काशीच्या पंडितांनीही दत्तकविधान योग्य ठरवलं, आणि 1798च्या जूनअखेर सरफोजी गादीवर बसले. श्वार्ट्झना ते पाहायला मिळालं नाही. त्या वर्षी 13 फेब्रुवारीला त्यांनी तंजावरात देह ठेवला होता. सरफोजी दफनाला आले, शवापाशी रडले आणि त्यावर जरीचं वस्त्र घातलं. प्रार्थनागीत म्हणायला सुरुवात झाली, पण जमलेल्यांच्या आकांतात ते पुढे जाईना, असं तिथे असलेल्यांनी लिहिलं आहे.

सरफोजी ख्रिस्ती झाले नाहीत. शेवटपर्यंत ते आपल्या धर्मात राहिले. बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले कुळाचा प्रचंड मराठी शिलालेख त्यांनी 1803 साली कोरवला. आमच्यातल्या काहींना अजूनही वाटतं की, श्वार्ट्झना इथे अपयश आलं. मला हे म्हणणं मुळीच मान्य नाही. कन्नंदंगुडीला गरीब ख्रिस्ती मुलांच्या राहण्याशिकण्याचा खर्च या हिंदू राजाने उचलला. दवाखाने, शाळा, ग्रंथालय, देवनागरी खिळ्यांचा छापखाना ही त्यांची कामं तर सर्वांना माहीत आहेत. राज्याचा कारभार 1799च्या तहाने कंपनीकडे गेलेला असताना, जे हाती उरलं त्यातून त्यांनी एवढं केलं. प्रजेचं ऋण मानणारा राजा घडवण्यात एका पाद्र्याचा वाटा होता, आणि त्यासाठी राजाने धर्म बदलण्याची गरज पडली नाही.

आता दोन गोष्टी, ज्या सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही.

पहिली क्लोरिंडाची. तंजावरची ब्राह्मण विधवा, परंपरेप्रमाणे मराठी घरातली. ती लिटल्टन नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्याबरोबर राहत होती. त्याच्याकडून ती ख्रिस्ती धर्म शिकली आणि तिने बाप्तिस्मा मागितला. श्वार्ट्झ नाही म्हणाले. लग्नावाचून परपुरुषाबरोबर राहणाऱ्या स्त्रीला बाप्तिस्मा देता येत नाही. अधिकारी वारल्यावर 1778 साली पाळैयंकोट्टै इथे त्यांनी तिला बाप्तिस्मा दिला. नियम म्हणून हे बरोबरच आहे. पण मी बाई आहे, म्हणून मला विचारावंसं वाटतं की, दार बंद झालं ते कुणासाठी? तिच्यासाठी. तसंच राहणारे कितीतरी गोरे अधिकारी रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकांवर बसत होते. श्वार्ट्झ त्यांनाही फटकारत असत, हे मला माहीत आहे. पण त्यांना बाहेर थांबावं लागलं नाही. क्लोरिंडा थांबली, आणि कडवट झाली नाही. तिने पाळैयंकोट्टैत स्वतःच्या खटपटीने चर्च बांधलं. 1785 साली श्वार्ट्झनीच त्याचं समर्पण केलं. लोक त्याला पापात्ती अम्माळचं देऊळ म्हणतात, म्हणजे बामणीणबाईंचं. तिथल्या मंडळीच्या 1780च्या यादीत 40 नावं आहेत, आणि पहिलं नाव तिचं. तिरुनेलवेलीची पुढची सारी प्रॉटेस्टंट मंडळी त्या यादीतून वाढली.

दुसरी गोष्ट जातीची. श्वार्ट्झच्या चर्चमध्ये वरच्या जातीचे ख्रिस्ती एका बाजूला बसत आणि दलित ख्रिस्ती दुसऱ्या बाजूला. उपदेशाने हळूहळू जाईल, या आशेवर त्यांनी ते चालू दिलं. गेलं नाही. त्यांचे लाडके शिष्य, तमिळ कवी वेदनायगम शास्त्रियार, हे सरफोजींचे सहाध्यायी आणि पुढे त्यांच्या दरबारचे कवी. त्यांनी तर ख्रिस्ती लोकांतल्या जातिभेदाच्या बाजूने लिहिलं. 1833 साली बिशप डॅनियल विल्सन यांनी फर्मान काढलं की, चर्चमधली जात ताबडतोब आणि कायमची सोडली पाहिजे, तेव्हा तंजावरात मोठी फूट पडली. आमच्या महाराष्ट्रातल्या मंडळ्यांनाही हे दुखणं परकं नाही. नगरच्या आमच्या चर्चमध्ये कोण कुणाच्या घरी जेवतं आणि सोयरिकी कुठे जुळतात, हे मी लहानपणापासून बघत आले. पैशाच्या मोहात श्वार्ट्झ एकदाही घसरले नाहीत. पण जातीच्या बाबतीत त्यांनी सांभाळून घेतलं, आणि ते चुकलंच. पाप तुम्ही तुमच्यापुरतं टाळलंत, पण तुमच्या मंडळीच्या बैठकीत ते आरामात बसलेलं असेल, तर तो मार्ग पुरता सरळ म्हणता येणार नाही.

सेंट मेरीज चर्चमध्ये श्वार्ट्झचं संगमरवरी स्मारक आहे. ते कंपनीने बसवलं, शिल्पकार जॉन बेकन धाकटे. मृत्युशय्येवर श्वार्ट्झ, भोवती शाळेतली मुलं, एक जण त्यांच्या हाताचं चुंबन घेतोय, गेरिके डोकं सावरून धरलेले आणि वर क्रूस घेतलेला देवदूत. ज्या कंपनीच्या नोकरांनी तंजावर गहाण टाकायचा घाट घातला, तिनेच हे स्मारक उभारलं. यात मला ढोंग दिसत नाही. आपल्यात काय कमी आहे हे माणसांना कळत असतं. जो ते पुरं करतो त्याच्यासाठी ती संगमरवरही मागवतात.

पण खरं पाहण्यासारखं आहे ते तंजावरचं. लंडनचे नामवंत शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून ते सरफोजींनी स्वखर्चाने करवून घेतलं आणि 1807च्या सुमारास ते श्वार्ट्झच्या चर्चमध्ये बसलं. आजारी श्वार्ट्झचा हात हातात घेतलेले तरुण सरफोजी त्यात कोरलेले आहेत. खालच्या इंग्रजी ओळी राजांनी स्वतः रचल्या. 1826च्या मार्चमध्ये बिशप हेबर तंजावरला आले, ईस्टरला याच चर्चमध्ये त्यांनी प्रवचन केलं, आणि सरफोजी त्यांच्याशी श्वार्ट्झविषयी भरभरून बोलले. गुरू जाऊन तेव्हा 28 वर्षं झाली होती. पुढल्या काही दिवसांतच हेबर त्रिचनापल्लीला वारले. त्यांचं स्मारक चेन्नईच्या सेंट जॉर्ज कॅथीड्रलमध्ये आहे.

आमच्या मराठी मंडळ्यांत ख्रिस्ती इतिहास शिकवायचा म्हटलं की, सुरुवात 1813 साली मुंबईला आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांपासून होते. मग नगर, मग बाबा पदमनजी, रेव्हरंड टिळक, पंडिता रमाबाई. हे सगळं हवंच. पण त्याच्या आधी मराठी शिकलेला, मराठी राजाने बाप मानलेला, मराठी मुलखाबाहेरच्या मराठी दरबारात आयुष्य घालवलेला हा पाद्री आमच्या संडे स्कूलच्या एकाही पुस्तकात मला सापडला नाही. पुस्तकं तयार करणाऱ्यांनी त्याला जागा द्यावी, आणि देताना बैलांची गोष्ट जशी सांगाल तशीच क्लोरिंडाची आणि जातीच्या बाकांचीही सांगावी, ही माझी विनंती आहे.

आणि महाराष्ट्रातून तंजावरला जाणाऱ्या सर्वांना, मग ते कुठल्याही धर्माचे असोत, एक सांगणं. बृहदीश्वराच्या देवळात मराठी शिलालेख पाहायला तुम्ही जाताच. तिथून शिवगंगा बागेतलं श्वार्ट्झ चर्च चालत जाण्याइतकं जवळ आहे. मुलांना तिथेही न्या. संगमरवरातला तो तरुण आपला सरफोजी राजा आहे, हे त्यांना सांगा, आणि ज्याचा हात त्याने धरलाय तो दहा होनांवर राहणारा माणूस कोण, हेही सांगा.